मध्यम मापाचा पाय

आमच्या कार्यशाळेत पाय तयार व्हायचे. सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, चादरी धुतात त्या खोलीला लागून पत्र्याची लांबलचक शेड होती. अपघातात नाहीतर आजारात ज्यांचा पाय गेला अशी माणसं कुबड्या टेकत तिथे यायची आणि काही आठवड्यांनी, नशिबाने साथ दिली तर, कुबड्या काखेत धरून बाहेर पडायची. मी पट्टे शिवायची. चौदा वर्षं तेच काम. कातडं कापायचं, भोकं पाडायची, बक्कल बसवायचं, मांडीला काचणार नाही अशी कड वळवायची. सगळे मला ताई म्हणायचे, माझ्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा.

मास्तर साचे घ्यायचे. गुडघ्याखाली जेवढा पाय उरलाय त्यावर ओलं प्लास्टर गुंडाळायचं, त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशावरून वाटी बनवायची. पाय त्या वाटीत बसतो. ऐकायला सोपं. पण मास्तर प्लास्टर भिजवण्याआधी अर्धा अर्धा तास नुसता हात फिरवत बसायचे. जांभळ्या पेन्सिलीने हाडांच्या टोकांवर खुणा करून ठेवायचे, म्हणजे ती खूण प्लास्टरच्या आत उमटते. गुडघ्याच्या वाटीखालच्या मऊ जागेवर अंगठा ठेवून म्हणायचे, "वजन इथे द्यायचं." मग नडगीच्या टोकावर बोट ठेवायचे, "आणि इथे कधी म्हणजे कधीच नाही."

लेथवर काम करणारा आमचा एक वात्रट गडी होता, तो म्हणायचा, "मास्तरांनी लग्नात बायकोचा हातसुद्धा इतका वेळ धरला नसेल." मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे आणि हात फिरवतच राहायचे.

आमचे जुने पर्यवेक्षक याच टेबलांवरून वर चढलेले होते. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले ते दप्तर विभागातून. बावीस वर्षं फायली लावलेला माणूस. अंगात परीटघडीचा शर्ट, खिशात दोन पेनं. पहिल्या दिवशी ते सरळ मास्तरांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. जरा समजावून सांगाल का?"

मास्तर तोंड उघडणार तेवढ्यात लेथवाला मागून ओरडला, "साहेब, बसा ना. तुमच्याच पायाचा साचा घेऊन दाखवतो. फक्त आधी पाय कापावा लागेल!"

सगळी शेड हसली. मीही हसले, मास्तरही हसले. साहेबांनी ओठ आवळले, रुमाल काढून बोटांना लागलेली प्लास्टरची भुकटी पुसली आणि केबिनमध्ये निघून गेले. त्यानंतर त्यांनी आम्हाला कधीच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कागदावर रबरी शिक्का पडायला लागला आणि आठवड्याभरात त्यांचं नाव पडलं शिक्का. त्या पहिल्या दिवशी कोणीतरी त्यांना स्टूल दिलं असतं तर काय झालं असतं, असा विचार मी पुढे फार केला. तेव्हा नाही केला.

चार महिन्यांनी भिंतीवर हुकूम चिकटला. एकेकाचा साचा घेणं बंद. यापुढे वाट्या बाहेरून तयार होऊन येतील, लहान, मध्यम आणि मोठी. बुटांना मापं असतात, तशीच. शेजारी एक फळा लागला. गेल्या महिन्यात तयार पाय, अठरा. या महिन्यात अपेक्षित, चाळीस.

मास्तर केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, बूट पायावर चढतो. इथे अख्खा माणूस त्या वाटीत उभा राहतो."

"तुम्ही एका माणसाला चार दिवस लावता, मास्तर. यादीत दोनशे माणसं कुबड्यांवर ताटकळलीत. त्यांना मी काय सांगू?"

"मला दोन माणसं द्या. शिकवतो. वर्षात तयार करतो."

"माणसं द्यायचं माझ्या हातात नाही. मापं ठरवायचं आहे."

खोटं बोलत नव्हते ते. यादी खरोखरच दोनशेची होती. ज्याला कामातलं कळत नाही त्याला यादी तेवढी दिसते, आणि आम्हाला समोरचा एक पाय तेवढा दिसायचा.

तक्रारीचा अर्ज माझ्या टेबलावर लिहिला गेला, कारण कातडं उचललं की माझंच टेबल सगळ्यांत स्वच्छ असायचं. मास्तर सांगत गेले, हिशेबनीस मुलीचं अक्षर चांगलं म्हणून तिने लिहिलं. साहेबांबद्दल एकही वाकडा शब्द नव्हता त्यात. कामाचं ज्ञान नसलेल्या माणसाने कामाची पद्धत ठरवू नये, माणसाला इजा होईल, एवढंच. अकरा सह्या झाल्या. पहिली मास्तरांची, दुसरी माझी. अर्ज वरच्या कचेरीत गेला आणि आम्ही वाट बघत बसलो.

त्याच दिवसांत माळीकाका आले. सार्वजनिक बागेत झाडं सांभाळायचे ते. साठीला टेकलेले, उन्हाने रापलेले, सोबत लग्नाच्या वयाची मुलगी. मास्तरांनी पाय कसा गेला विचारलं तर म्हणाले, "साखर आहे ना मला. खिळा रुतला सोमवारी आणि मला कळलं गुरुवारी. तेही हिने मोजा काढला म्हणून. खिळ्यालासुद्धा कंटाळा आला असेल वाट बघून."

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली, पण हसली.

मास्तरांनी पाय मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. हात फिरवता फिरवता बाहेरच्या बाजूला थांबले. नखाने टोचलं.

"कळतंय?"

"काय?"

पुन्हा टोचलं, जरा जोरात. माळीकाका छताकडे बघत होते. "कधी सुरू करणार, मास्तर?"

मास्तरांनी डोळे उघडले. जांभळ्या पेन्सिलीने तिथे हाताच्या पंजाएवढं वर्तुळ काढलं आणि मुलीला दाखवलं. "इथे यांना काहीच कळत नाही. जखम झाली तरी हे सांगणार नाहीत. रोज तू बघायचंस." मग फायलीत लाल शाईने लिहिलं, 'बाहेरच्या बाजूस संवेदना नाही. साचा घेतल्याशिवाय पाय देऊ नये.' खाली सही केली. पायाची सूज अजून उतरायची होती, म्हणून पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

त्या आठवड्यात आमचा अर्ज परत आला. वरच्या कचेरीने समासात एक ओळ लिहिली होती, 'संबंधित पर्यवेक्षकांनी योग्य ती कार्यवाही करावी.' म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लिहिलं, अर्ज त्यांच्याच टेबलावर.

साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. आवाज चढवला नाही की टेबलावर हात आपटला नाही. माझी पाळी आठवी.

"ताई, तुमची नेमणूक हंगामी आहे. दर वर्षी माझी शिफारस लागते." त्यांनी एक पत्र माझ्याकडे सरकवलं. "लांबच्या शाखेत पट्ट्यांचं काम करणारं कोणी हवंय. दोन दिवसांचा प्रवास आहे म्हणे. तुमच्या आई कशा आहेत?"

माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. सकाळी निघताना तिला एका कुशीवर वळवायची आणि संध्याकाळी परतल्यावर दुसऱ्या. दुपारी शेजारीण एकदा येऊन जायची. साहेबांना हे ठाऊक होतं, कारण रजेच्या अर्जात मीच लिहिलं होतं. पत्राखाली दुसरा कागद होता. 'मी सदर अर्जावर गैरसमजातून सही केली होती.' खाली सात सह्या आधीच झालेल्या. मी आठवी केली. पेन त्यांचंच होतं.

संध्याकाळी नळावर हात धुताना मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी साबण बाजूला ठेवला. "आईची कूस कोण बदलणार मग? बरोबर केलंस." त्या वेळी मला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांत अर्जावर एकटी त्यांचीच सही उरली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना गोदामात बसवलं. बाहेरून येणाऱ्या वाट्यांच्या पेट्या मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. एकतीस वर्षं माणसांच्या पायांवर फिरलेले हात पुठ्ठ्यांवर फिरायला लागले.

माळीकाका ठरल्या दिवशी आले. नवा शर्ट घालून आले होते. त्यांची फाईल माझ्या टेबलावरून गेली, कारण पट्ट्याचं माप मला लागायचं. लाल शाईवर आडवा शिक्का होता, मध्यम. शिक्क्याखालचं अक्षर वाचता येत होतं. मी वाचलं.

तासाभरात पाय तयार झाला. लेथवाल्याने जोडून दिला, मी पट्टा बांधला. माळीकाका दोन्ही हातांनी कठडा धरून उभे राहिले. एक पाऊल, मग दुसरं. चौथ्या पावलाला त्यांनी एक हात सोडला. मुलीने टाळ्या वाजवल्या. साहेबही केबिनच्या दारात येऊन उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता.

"मास्तर कुठेत?" माळीकाका धापा टाकत म्हणाले. "त्यांना दाखवायचंय."

"गोदामात आहेत," मी म्हणाले.

गोदाम चाळीस पावलांवर. मी हाक मारू शकले असते. साहेब दारात होते, मी नाही मारली.

पण पाय आत हलत होता. बाहेरच्या बाजूला माझं बोट सहज शिरत होतं. मला ते बघवेना. मी त्यांना बसवलं, पाय काढला, पट्ट्यांसाठी ठेवलेलं सगळ्यांत मऊ कातडं घेतलं आणि वाटीच्या आतून एक थर चिकटवला. कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं कामही नव्हतं, मी आयुष्यभर बाहेरचे पट्टे केलेले. माळीकाकांनी पुन्हा पाय चढवला, दोन पावलं टाकली आणि म्हणाले, "आता कसा बसला! ताई, तुमच्या हाताला यश आहे."

त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी हलक्या पावलांनी घरी गेले. सही मागे घेतल्याचं थोडं तरी भरून काढलं, असं वाटत होतं.

सहाव्या आठवड्यात त्यांची मुलगी आली. एकटी. कापडी पिशवीत पाय होता. आम्हाला वाटलं दुरुस्तीला आणलाय. तिने तो माझ्या टेबलावर ठेवला, शेजारी आमची पावती ठेवली आणि पावतीवरच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. वापर थांबल्यास ही सरकारी मालमत्ता परत करावी, असं तिथे छापलं होतं.

"बाबा गेले," ती म्हणाली. "म्हणून परत आणलाय."

मग उभ्या उभ्याच तिने सांगितलं. ते रोज बागेत जात होते. दुखत नव्हतं, कधी म्हणजे कधीच दुखलं नाही. ती रोज रात्री पाय बघायची. एक आठवडा तेवढा ती परीक्षेसाठी मावशीकडे राहिली. परत आली तर घरात वास येत होता. पट्टी लावली होती त्यांनी, तिला कळू नये म्हणून पँट खाली ओढून बसले होते. पाय काढून घेतील अशी भीती होती त्यांना. हा, लाकडाचा. जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी मांडीपासून कापला. नवव्या दिवशी गेले.

साहेब बाहेर आले. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "आपण अर्ज द्या. मी वर पाठवतो."

"अर्ज देईन," मुलगी म्हणाली. "आधी याच्यात काय चुकलं ते मला कोणीतरी सांगा."

साहेबांनी पायाकडे बघितलं, मग आमच्याकडे. त्यांना सांगता येत नव्हतं. लेथवाला खाली बघत होता. तेव्हा कुठे मी ती चाळीस पावलं चालले आणि मास्तरांना घेऊन आले.

मास्तरांनी हात धुतले आणि पुसले. मगच पाय उचलला आणि हात आत घातला. डोळे मिटले, नेहमीसारखे. बोटं आतून गोल फिरली आणि बाहेरच्या बाजूला थांबली. अंगठा तिथेच दोनदा मागेपुढे झाला. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

मला समजलं. घाईत चिकटवलेल्या कातड्याला सुरकुती पडली होती. घामाने भिजून, वाळून ती कडक झाली होती, बरोबर त्या जांभळ्या वर्तुळाच्या जागी.

मास्तरांनी हात बाहेर काढला आणि मुलीला म्हणाले, "वाटी तुझ्या बाबांच्या मापाची नव्हती. मोठी होती. पाय आत घासत राहिला. साचा घ्यायला हवा होता, तो घेतला नाही." आणि थांबले. पुढचं ते बोलणार नव्हते. त्यांनी मला वाचवलं होतं, सगळ्यांच्या देखत, एका क्षणात.

"आतून कातडं मी लावलं," मी म्हणाले. "त्याला सुरकुती आली. जखम तिथे झाली."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही पट्टेवाल्या ताई?"

"हो."

"बाबा घरी सगळ्यांना सांगायचे. पट्टेवाल्या ताईंनी कोणी न सांगता आतून मऊ लावून दिलं म्हणून." तिने रिकामी पिशवी घडी करून हातात धरली. "येते मी," म्हणाली आणि गेली.

चौकशी बसली. तीन माणसं, एक लांब टेबल, पाण्याचा जग. मी सगळं सांगितलं, शिक्क्याखालचं अक्षर मी वाचलं होतं हेही. त्यांच्यातल्या एकाने आमचा अर्ज उचलून उजेडात धरला. "अकरा जणांची तक्रार म्हणता. इथे तर एकच सही शिल्लक आहे."

"आमच्याकडून मागे घेववली."

"दबाव आणला याचा लेखी पुरावा?"

तो कुठून असणार? लेखी होतं ते एवढंच, की गैरसमजातून सही केली होती.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर साहेब एकटेच बसले होते. मी समोरून जाताना ते उठून उभे राहिले. "मला खरंच वाटलं होतं, ताई, यादी कमी होईल." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पण त्याने काही हलकं झालं नाही. मी मान डोलावली आणि पुढे गेले.

निकाल दोन पानांचा होता. हंगामी कामगाराने परवानगीविना आतून कातडी थर लावल्यामुळे इजा झाली. सदर कामगाराची नेमणूक संपुष्टात. साचा घेणाऱ्या कारागिराने धोक्याची सूचना पुरेशा पाठपुराव्याने दिली नाही, सबब त्यास ताकीद. तीन मापांची योजना तूर्त स्थगित. पर्यवेक्षकांबद्दल काही नव्हतं. त्यांची बदली आधीच झाली होती, वरच्या कचेरीत, जिथे सगळ्या कार्यशाळांचे आकडे जमा होतात तिथे.

मास्तरांना पुन्हा साच्यांवर बसायला सांगितलं. ते बसले. पण लेथवाला घरी येऊन मला सांगून गेला, की त्यांच्या हाताला कंप सुटतो. प्लास्टर सुकेपर्यंत त्यांना दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवावं लागतं. तीन महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती मागितली. साचा घेणारं दुसरं कोणी तयार केलेलंच नव्हतं.

निकाल माळीकाकांच्या घरी पाठवायची पद्धत नव्हती. मास्तर मला म्हणाले, "आपण जाऊन सांगू. नाहीतर ती वाट बघत बसेल." एका रविवारी सकाळी आम्ही गेलो. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. जिन्यात प्रत्येक पायरीच्या कडेला कुंडी, माती कोरडी पडलेली. मुलीने दार उघडलं. आधी मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, तुम्ही आत या," ती म्हणाली. "यांना इथेच थांबू दे."

मी जिन्यात बसले. दार अर्धवट लोटलेलं होतं. मास्तर हळूहळू वाचत होते, सरकारी शब्दाला अडखळत. वाचून झालं.

"साहेबांचं नाव कुठेय?" तिने विचारलं.

"नाही."

"तुमचं आहे आणि त्यांचं नाही?"

"हो."

मग ती रडली. मास्तर काहीतरी बोलत होते, खालच्या आवाजात, मला शब्द कळत नव्हते. मध्येच त्यांचाही आवाज फुटला. एकतीस वर्षांत त्यांना कोणी रडताना ऐकलं नव्हतं असं लोक सांगतील, मी तर चौदाच वर्षं ओळखत होते. मी तोंडात पदर कोंबून बसले होते, आत ऐकू जाऊ नये म्हणून. रडायचा हक्क आत होता, बाहेर नव्हता.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. हातात पाण्याचा पेला होता. तो तिने मला दिला आणि मी पिईपर्यंत दाराला टेकून उभी राहिली.

"तुमच्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाईट केलं नाहीत, ते कळतं मला. पण तुम्हाला बघितलं की बाबांचं ते बोलणं आठवतं. पुन्हा येऊ नका."

"नाही येणार," मी म्हणाले.

तिने पेला परत घेतला. मास्तर बाहेर आले, भिंतीला हात टेकून त्यांनी चपला घातल्या आणि आम्ही जिना उतरायला लागलो. ते पुढे, मी मागे, एकेक पायरी.